ऐंशीचा काटा आणि पटाची जोडी

पहिला दिवस : यवतमाळ ते अमरावती

डॉक्टरच्या वाड्यातल्या जुन्या गोठ्यात अठरा वर्षे उभी असलेली प्रीमिअर पद्मिनी या हिवाळ्यात पुन्हा चालू झाली. त्या निमित्ताने, चाळीस वर्षांपूर्वी ज्या रस्त्यांवर आम्ही दोघांनी ती बेफाम पळवली होती, त्याच रस्त्यांनी तीन दिवस फिरून यावे असे ठरले. डॉक्टर म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. गुरांचा डॉक्टर म्हणून तो निवृत्त झाला आणि आता गावात त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. गाडी त्याच्या वडिलांची, १९७८ सालची. त्या काळी पैसे भरून नाव नोंदवल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती ‘पद्मिनी’ म्हणून बाहेर पडत असली तरी आमच्याकडे सगळे तिला फियाटच म्हणत. ती दारात आली त्या दिवशी तिची पूजा झाली आणि आम्हा मुलांना तिला हात लावायला सक्त मनाई झाली. ही मनाई १९८३ पर्यंत टिकली.

गाडी दुरुस्त करणाऱ्या उस्तादांनी पंधरा दिवस घेतले. कार्ब्युरेटर उघडून धुतला, ब्रेकच्या सिलिंडरांतली सगळी रबरे बदलली आणि पेट्रोलच्या नळ्याही नव्या टाकल्या, कारण आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि जुने रबर त्यात टिकत नाही. किल्ली हातात देताना ते म्हणाले, “गाडी चालते साहेब, पन थांबते कशी ते पह्यले पाहून घ्या.” वहिनींची अट याहून सोपी होती. काटा साठच्या वर जाता कामा नये, आणि त्यावर लक्ष ठेवायला डॉक्टरची पुण्यात नोकरी करणारी, सुटीवर आलेली पुतणी सोबत येईल. पुतणी मागच्या सीटवर बसली, सीटबेल्ट शोधू लागली आणि तो गाडीत कुठेच नाही हे कळल्यावर तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी तीन दिवस विसरलो नाही. नव्या मोटारींत पुढच्या सीटना पट्टे बसवणे सक्तीचे झाले ते १९९४ साली. आमच्या तरुणपणी ही वस्तू आम्ही पाहिलीसुद्धा नव्हती.

सकाळी सव्वासातला दारव्हा नाका सोडला. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. तुरीच्या शेंगा भरलेल्या होत्या, पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस दिसत होता आणि काचेच्या आतून दव पुसत पुसत मी गाडी हाकत होतो. या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीसच्या आसपास अश्वशक्तीची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी आणि पुढे सलग बाकासारखी सीट, जिच्यावर आम्ही तिघे तर सहज आणि चौघे हट्टाने बसत असू. साठपर्यंत ती कुरकुर न करता जाई. सत्तरला डॅशबोर्डाचा पत्रा बोलू लागे. ऐंशीला गिअरचा दांडा हातात थरथरे, आरशातला मागचा रस्ता पुसट होई आणि आम्हाला वाटे की यापलीकडे जगात वेग नाही. काट्यावर आमचा विश्वास नव्हता, म्हणून डॉक्टर मनगटावरचे एचएमटीचे घड्याळ पाहून रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजत असे. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत पंचेचाळीस सेकंद लागले की ऐंशी, छत्तीस लागले की शंभर. छत्तीस आम्हाला कधीच गाठता आले नाहीत. एकोणचाळीस एकदा आले होते, पण त्या दोन दगडांमधले अंतर बरोबर होते की नाही याबद्दल मला आजही शंका आहे.

पुतणीने विचारले, “काका, ऐंशी म्हणजे काही फार नाही ना?” तिचे बरोबरच होते. पुण्याला जाताना ती समृद्धी महामार्गावर मोटारींना मुभा असलेल्या ताशी १२० किलोमीटरने जाते आणि त्या वेळी गाडीत गाणी ऐकू येतात. पण आमचे ऐंशी वेगळ्या रस्त्यावरचे होते. दारव्ह्याचा रस्ता तेव्हा एकपदरी होता, म्हणजे जेमतेम पावणेचार मीटर डांबर आणि दोन्ही अंगांना काळ्या मातीच्या साइडपट्ट्या. समोरून गाडी आली की दोघांनीही एकेक बाजूची चाके डांबराखाली उतरवायची, हा अलिखित नियम होता. आमच्या वयाच्या मुलांनी त्याचा खेळ केला होता. जो आधी उतरेल तो हरला. ट्रकवाल्यांशी हा खेळ आम्ही खेळत नव्हतो, इतकी अक्कल होती; पण दुसऱ्या फियाटीशी, जीपशी आणि एकदा तर गावातल्याच एका लग्नाच्या अँबेसिडरशी खेळलो होतो. त्या अँबेसिडरचा ड्रायव्हर वयाने मोठा होता. तो शांतपणे खाली उतरला, थांबला, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या वडिलांना भेटायला आला.

त्यात आमची काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर बांधलेला रस्ता दर वर्षी थोडा थोडा वर-खाली होत जातो. खड्डा एकवेळ दुरून दिसतो, ही लाट दिसत नाही. सरळ, मोकळा, दोन्ही बाजूंना कडुनिंब असलेला रस्ता पाहून सत्तरीने जावे आणि अचानक गाडी उचलली जाऊन पोटात गोळा यावा, हा अनुभव विदर्भात गाडी चालवलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. आम्ही ती जागा हेरून ठेवत असू आणि मुद्दाम वेगाने जात असू. त्या वर्षी मागच्या स्प्रिंगचा पाटा दोनदा तुटला. दोन्ही वेळा घरी आम्ही रस्त्याला नावे ठेवली.

लाडखेडच्या आसपास शकुंतला रेल्वेचे रूळ दिसले. रुळांमधून वाढलेल्या बाभळी आता पुरुषभर उंच आहेत. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद मापाची रेल्वे. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. रस्ता आणि रूळ शेजारी आले की शर्यत लावायची आमची पद्धत होती. शकुंतलेचा वेग असा की सायकलवाल्याने मनावर घेतले तर तोही तिला मागे टाकील, त्यामुळे आम्ही नेहमीच जिंकत असू. पण इंजिनाचा ड्रायव्हर बाहेर वाकून हात हलवी आणि त्याचा चेहरा जिंकल्यासारखा दिसे, याचा आम्हाला राग येई.

याच पट्ट्यात कुठे तरी ती जागा होती. १९८४चा डिसेंबर. कारंज्याला मित्राच्या बहिणीचे लग्न आटोपून आम्ही चौघे रात्री अकराच्या पुढे निघालो होतो. गाडी डॉक्टर चालवत होता, घड्याळ माझ्याकडे होते आणि मी बॅटरीच्या उजेडात दगड मोजत होतो. त्या दिवसांत कापसाची एकाधिकार खरेदी असायची, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच विकावा लागे. खरेदी केंद्रावर आपला नंबर आधी लागावा म्हणून शेतकरी मध्यरात्रीच बंड्या जुंपून निघत, आणि थंडीच्या रात्री या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग लागे. बैलांना वाट ठाऊक असते, त्यामुळे हाकणारे कापसावरच झोपत. बंडीच्या आखाखाली एक कंदील टांगलेला असे. तोही रॉकेल असेपर्यंत.

त्या रात्रीच्या बंडीचा कंदील विझलेला होता. मी “सेहेचाळीस” असे मोठ्याने म्हणालो, डॉक्टरने क्षणभर घड्याळाकडे पाहिले आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. दिसणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांतच तेवढे अंतर संपते. थांबण्याची गोष्ट त्यानंतर सुरू होते. आमच्या गाडीचे ब्रेक सारखे धरत नव्हते, डावीकडचे आधी लागत. एरवी त्याची आम्ही चेष्टा करत असू. त्या रात्री त्यानेच आम्हाला वाचवले. गाडी डावीकडे ओढली गेली, साइडपट्टी ओलांडून खाली उतरली, नाली पार करून तुरीत शिरली आणि पंधरा-वीस तासे आडवी करून ओल्या रानात रुतून थांबली. बंडीला स्पर्शही झाला नव्हता. कोणी काही बोलेना. तुरीच्या शेंगा बोनेटवर पडत होत्या, त्यांचा आवाज मात्र आठवतो.

बंडीवरचा म्हातारा जागा होऊन खाली उतरला. शिव्यांची आम्ही वाट पाहत होतो. त्याने आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, मग आमच्याकडे येऊन विचारले, “लागलं तं नाही कोनाले?” नाही म्हटल्यावर त्याने बंडीचे बैल सोडले, गाडीच्या मागच्या आखाला कासरा आणि साखळी बांधली आणि त्या जोडीने आमची फियाट तुरीतून उलटी ओढून रस्त्यावर आणली. दहा मिनिटेही लागली नाहीत. डॉक्टर तेव्हा पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने बैलांचे कौतुक केले. म्हातारा खूश झाला. “पटाची जोडी हाय,” तो म्हणाला, “शंकरपटात पयते. तुमच्यावानी.” शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. आम्ही पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. तूर कोणाची होती हे आम्ही विचारलेच नाही. हे मला आजही सर्वांत जास्त खुपते. बैलांनी गाडी काढून दिली ही गोष्ट आम्ही पुढे चाळीस वर्षे रंगवून सांगत राहिलो, पण कोणाच्या तरी उभ्या पिकातून आमची वाट गेली होती, हा भाग सांगताना वगळत आलो.

आज ती जागा सापडली नाही. रस्ता रुंद झाला आहे, नाल्या काँक्रीटच्या झाल्या आहेत आणि कडुनिंबांची ओळखीची रांग तुटली आहे. डॉक्टर एका वळणावर ठाम होता, मी दुसऱ्या. शेवटी दोन्ही ठिकाणी उतरलो. पुतणीने फोटो काढले आणि विचारले की सेकंद मोठ्याने मोजायची कल्पना कोणाची होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले.

पुढचा प्रवास विशेष सांगण्यासारखा नाही. कारंज्याजवळ समृद्धी महामार्गाचा उंच भराव दिसला. त्यावरून गाड्या आवाज न करता जात होत्या आणि खाली आमची फियाट तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. मूर्तिजापूरहून अमरावतीकडे वळल्यावर मात्र रस्ता इतका गुळगुळीत लागला की गाडीतला पत्राही गप्प झाला. अमरावती-अकोला महामार्गाच्या याच टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम केला गेला होता. डॉक्टरने उजवा पाय थोडा दाबला. मागून आवाज आला, “काका, एकसष्ट.”

दुसरा दिवस : अमरावती ते चिखलदरा

अमरावतीहून वलगाव, आसेगाव करत परतवाड्याला पोहोचलो. वाटेत संत्र्याच्या बागा होत्या आणि रस्त्याकडेला ढिगांनी संत्री विकायला होती. पुढे बहिरमची जत्रा चालू होती. हंडीतल्या मटणाचा वास डॉक्टरला परतवाड्यातच येऊ लागला होता, पण पुतणी शाकाहारी आणि बहुमताला महत्त्व नाही, असे ठरले.

चिखलदऱ्याचा घाट चढताना मला जुन्या गाडीची नव्याने ओळख पटली. चढावर ती घाई चालू देत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये तिला तिच्या चालीने जाऊ द्यावे लागते. तिसरा घातला की धाप लागते आणि पहिला घालायचा तर जवळजवळ थांबावे लागते, कारण या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना, नाही. अर्ध्या घाटात पाण्याचा काटा वर सरकला. गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडले आणि वीस मिनिटे सागाच्या सावलीत बसलो. पूर्वी मे महिन्यात इथे आणखी एक उपचार करावा लागे. उष्णतेने इंजिनाच्या पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे, मग पंपावर ओले फडके गुंडाळायचे. त्यासाठी आईचे जुने लुगडे फाडून केलेल्या पट्ट्या डिकीत कायम असत.

घाट चढण्याच्या आठवणी मजेच्या आहेत. उतरण्याची एक तशी नाही, आणि त्या वेळी गाडी मी चालवत होतो. १९८५च्या मे महिन्यात चिखलदऱ्याहून परतताना पेट्रोल वाचवण्यासाठी मी न्यूट्रल टाकून इंजिन बंद केले. असे सगळेच करत, निदान आम्ही तशी समजूत करून घेतली होती. खरे सांगायचे तर पेट्रोल हे निमित्त होते. इंजिनाचा आवाज थांबल्यावर नुसत्या वाऱ्याच्या आवाजात वळणामागून वळण उतरताना जे वाटते, ते मला हवे होते. चार-पाच वळणांपर्यंत ब्रेकने साथ दिली. ड्रम ब्रेक बंद डब्यासारखे असतात. घर्षणाची उष्णता आत कोंडते, ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड जाते आणि पेडलवर कितीही जोर दिला तरी गाडी ऐकेनाशी होते. जळक्या लायनिंगचा वास आला तेव्हा मला आधी वाटले की जंगलात वणवा लागला आहे. मग पेडल पायाखाली दगडासारखे लागले, गाडी मात्र पळतच राहिली. समोरच्या वळणावरून एस.टी.ची बस वर येत होती.

मी काय केले ते मला नीट आठवत नाही, आणि डॉक्टर सांगतो त्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी डोळे मिटले होते. त्याने डाव्या हाताने किल्ली फिरवली, ओरडून मला क्लच दाबायला लावला, माझ्या हातावर हात ठेवून दांडा तिसऱ्यात आणि लगेच दुसऱ्यात ओढला. इंजिनाने जो आक्रोश केला तो खालच्या धामणगाव गढीपर्यंत ऐकू गेला असावा. गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घासत बससमोर थांबली. बसच्या चालकाने खिडकीतून मान काढून एवढेच विचारले, “गिअर हाय ना बे तिले?”

डावीकडचा दरवाजा दबला होता. घरी काय सांगायचे याची तालीम अमरावतीपर्यंत चालली आणि वडिलांनी पहिल्या वाक्यातच ओळखले. त्यानंतर सहा महिने किल्ली त्यांच्या उशाखाली होती.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटर उंचीवर आहे. संध्याकाळी तिथे इतकी थंडी पडली की डॉक्टरने रेडिएटरवर घोंगडी टाकली. ती गाडीसाठी कमी आणि आठवणीखातर जास्त होती, असे मला वाटते.

तिसरा दिवस : चिखलदरा ते यवतमाळ

सकाळी घाट उतरताना दुसरा गिअर सोडला नाही. दर दोन-तीन वळणांनी डॉक्टर विचारी, “वास येऊन रायला काय?” घाट संपता संपता स्पीडोमीटरचा काटा दोनदा तडफडला आणि शून्यावर जाऊन पडला. केबल तुटली होती. परतवाड्याच्या मिस्त्रीकडे ती मिळाली नाही. या गाडीची केबल आता मागवावी लागते, असे तो म्हणाला.

अमरावतीहून चांदूर रेल्वेमार्गे धामणगावकडे निघालो. वाटेतल्या एका गावाबाहेर शेतात माणसांची गर्दी दिसली. शंकरपट होता. डॉक्टरने मला न विचारता गाडी थांबवायला सांगितली. तळेगाव दशासरच्या पटाचे नाव सगळ्या विदर्भात आहे, पण लहान गावांचे पटही तितक्याच जोराने भरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१४ साली हे बंद झाले होते. मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवल्यावर परवानगी आणि अटींसह ते निर्धास्तपणे भरू लागले. डॉक्टरने नोकरीत असताना तपासणीच्या निमित्ताने पुष्कळ पट पाहिले आहेत. त्याने आधी बैलांच्या शेपट्या आणि पाठी पाहिल्या, कुठे टोचल्याचे वळ नाहीत हे पाहून मगच तो धुऱ्यावर बसला.

एक पांढरी जोडी सुटली. माती उडाली, धुरकरी जवळजवळ आडवा झाला होता आणि पाहता पाहता जोडी समोरून गेली. पुतणीने मोबाइलमध्ये सेकंद मोजले, अंतर विचारले आणि हिशेब करून सांगितले की वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास भरतो.

“चाळीसच?” डॉक्टर म्हणाला. त्याला ते पटले नाही. मलाही नाही.

धामणगाव सोडल्यावर पुतणीने गाडी मागितली. पहिली दहा मिनिटे तिला स्टिअरिंगजवळचा गिअर सापडेना. दुसऱ्याऐवजी चौथा पडे आणि गाडी हुंदके देत थांबे. मग तिचा हात बसला. बाभूळगावच्या पुढे रस्ता सरळ आहे, ऊन कलले होते आणि समोर कोणी नव्हते. डॅशबोर्डाचा पत्रा बोलू लागला. थोड्या वेळाने गिअरचा दांडा थरथरू लागला. काटा शून्यावर होता. डॉक्टर खिडकीबाहेर तुरीकडे पाहत होता आणि काही बोलत नव्हता. मी मागच्या सीटवर बाही वर सारली आणि एक दगड गेल्यावर घड्याळाकडे पाहिले. पुढचा दगड आला तेव्हा पन्नास सेकंद झाले होते, त्याच्या पुढचा आला तेव्हा सत्तेचाळीस. या वेळी मी मोठ्याने मोजले नाही. दुरून एक बंडी दिसली, पुतणीने बऱ्याच आधी पाय उचलला आणि आम्ही बंडीच्या मागे तिच्याच चालीने, पुलापर्यंत गेलो.

यवतमाळला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. वहिनी फाटकात उभ्या होत्या. चहा नंतर, आधी उत्तर, अशा सुरात त्यांनी विचारले, “काटा साठच्या वर गेला होता काय?”

डॉक्टरने बोनेटवर हात ठेवला आणि सांगितले, “आज दिवसभर काटा शून्यावर होता. पाहिजे तर पोरीला विचार.”

पुतणीने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळ काढून खिशात ठेवले होते.